जाळीचं कपाट

उंचीला माणसाच्या छातीपर्यंत, खांद्यात रुंद, पाय आखूड आणि चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. स्वयंपाकघराच्या ज्या कोपऱ्यात चुलीची धग पोचत नाही, पण खिडकीचा वारा पोचतो, तिथे त्याचं ठाणं. दोन दारं, दारांना तारेची बारीक जाळी, मध्ये एक लाकडी खिट्टी. कुणी त्याला दुधाचं कपाट म्हणायचं, कुणी जाळीचं फडताळ. कोकणातल्या घरांत ते होतं, गिरगावातल्या चाळींत होतं, पुण्यातल्या वाड्यांतही होतं. पाहुण्यांना ते दिसत नसे. दिवाणखान्यातल्या शिसवी खुर्चीला आल्यागेल्याचं कौतुक मिळालं. जाळीच्या कपाटाच्या वाट्याला काम आलं आणि त्या कामात त्यानं कधी कुचराई केली नाही.

त्याचं काम राखणीचं. सकाळचं तापवलेलं दूध, त्यावरची साय, रात्री लावलेलं विरजण, उरलेल्या पोळ्या, तुपाची बरणी, सणावाराला लाडवांचा डबा, सगळं त्याच्या स्वाधीन. मांजर, पाल, झुरळ, माशी आणि मुंगी यांच्यापासून हे सांभाळायचं आणि तरी त्याला मोकळी हवाही मिळू द्यायची, अशी ही दुहेरी जबाबदारी. बंद पेटीत ठेवलेल्या गरम दुधाची वाफ झाकणाला धरते आणि त्या दमट उबेत दूध लवकर नासतं. जाळीतून वारा खेळता राहिला की वाफ निघून जाते, पातेलं लवकर निवतं, पोळीला घाम येत नाही. जाळीची वीण इतकी बारीक की माशी आत शिरू शकत नाही आणि इतकी मोकळी की वाऱ्याला अडकाठी नाही. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं, हे या कपाटाइतकं नेमकं घरातल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूला जमलं नाही.

मुंग्यांसाठी त्यानं स्वतःचे पाय पाण्यात दिले. दगडी, पितळी किंवा चिनी मातीच्या चार वाट्यांत पाणी, वर रॉकेलचे दोन थेंब, की मुंगीची वाट बंद. या बंदोबस्ताची किंमत कपाटानं पायांनी मोजली. लाकडाच्या आडव्या छेदातून पाणी रेषारेषांनी वर चढतं. जुन्या कपाटाचा पाय उचलून पाहिला तर टोकाशी बोटभर लाकूड काळं पडलेलं, नख लावलं तर रुतेल इतकं मऊ झालेलं दिसतं. त्याच्या वर दोन बोटं गेलं की तोच पाय ठणठणीत. सागवानाच्या अंगात जन्मजात तेल असतं, म्हणून एवढी वर्षं उभं राहणं त्याला निभलं. आंब्याचं लाकूड असतं तर केव्हाच गुडघ्यावर आलं असतं.

१९५८ साली गोदरेजनं भारतीय बनावटीचा पहिला फ्रिज काढला. तो मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात पोचायला पुढे बरीच वर्षं लागली, पण पोचला तेव्हा त्यानं नेमका तोच कोपरा मागितला. दूध गेलं, साय गेली, विरजण गेलं. कपाट गॅलरीत सरकलं. त्यात जुने पेपर आले, बुटांचं पॉलिश आलं, उडालेले बल्ब आणि कधीतरी लागतील म्हणून ठेवलेले खिळे आले. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात अशी कपाटं आजही भेटतात. बहुतेकांची जाळी फाटलेली, खिट्टी गहाळ, आणि अंगावर रंगाचे पोपडे.

आमच्या कपाटाचीही तीच गत झाली होती. ते मोडीत काढायचा विषय निघाला तेव्हा सुताराला बोलावलं. त्यांनी दार उघडून एका हातानं हलवून पाहिलं, मग बाजूची पट्टी अंगठ्यानं दाबत खालपर्यंत गेले.

"ताई, सांधे बघा याचे. खिळा नाही एकसुद्धा. पट्टीत पट्टी बसवलीय आणि वर लाकडी मेख. आज असं करायला सांगाल तर मजुरीच तुम्हाला परवडायची नाही."

"पण काका, रंगाचं काय? किती थर आहेत कोणास ठाऊक."

"रंग काय, अंगावरचा कपडा. हाड शाबूत आहे ना!"

त्या रंगाच्या थरांत कपाटाचं सारं चरित्र होतं. जिथे पोपडा आपोआप निघाला होता तिथे, बिजागरीच्या खालच्या बाजूला, थर एकाखाली एक मोजता येत होते. सगळ्यांत वर सायीचा रंग, धुरानं पिवळा पडलेला. त्याच्याखाली आकाशी. आकाशीखाली गडद हिरवा, जुन्या शाळांच्या खिडक्यांना असायचा तो. हिरव्याखाली तांबूस अस्तर आणि त्याखाली लाकूड. घरात लग्न निघालं किंवा दिवाळीआधी रंगकाम काढलं, की भिंतींबरोबर कपाटालाही एक हात मिळायचा. डब्यात उरलेला ऑइलपेंट त्याच्या अंगावर संपायचा, त्यामुळे घराच्या दारांना कोणत्या वर्षी कोणता रंग होता ते कपाटाकडे नोंदलेलं आहे.

अशा वस्तूला पुन्हा उभं करायचे दोन रस्ते लोक सहसा घेतात. एक म्हणजे सगळा रंग खरवडून लाकूड उघडं करायचं आणि लाखेचं पॉलिश मारायचं. दुसरा म्हणजे वर आणखी एक चकचकीत हात. पहिल्या रस्त्यात मोठा धोका आहे आणि तो फार कमी जणांना ठाऊक असतो. जुन्या तैलरंगांत शिसं असे. पांढऱ्यात, पिवळ्यात, हिरव्यात आणि तांबड्या अस्तरात तर विशेष. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून जास्त असू नये असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाबद्दल कसलीच हमी नाही. असा रंग कोरडा घासला किंवा आगीच्या झोतानं जाळला की शिशाची धूळ आणि धूर घरभर होतो. लहान मुलांच्या मेंदूची वाढ त्यानं खुंटते, गर्भवतीलाही त्याचा अपाय होतो. ज्या कपाटानं पिढ्यान्‌पिढ्या घरच्या मुलांचं दूध राखलं, त्याच्याच अंगाची धूळ मुलांच्या पोटात जाणं कोणालाही सोसायचं नाही. दुसरा रस्ता सोपा खरा, पण पाचवा जाड थर चढला की पट्ट्यांच्या कडा बोथट होतात, दारं चौकटीत अडकतात आणि पावसाळ्यात लाकूड फुगलं की उघडतच नाहीत.

तिसरा रस्ता खडूचा. रंगात खडूची पूड कालवायची आणि जुन्या थराला फारसा धक्का न लावता तो वरून द्यायचा. जुन्या फर्निचरसाठी असा तयार रंग १९९० साली इंग्लंडच्या ॲनी स्लोन यांनी बाजारात आणला आणि तिकडे घरोघरी लोक स्वतःची टेबलं-खुर्च्या रंगवू लागले. तो डबा आपल्याकडे महाग पडतो. पण अशा रंगाचा मुख्य गडी, म्हणजे खडू, आपल्या गल्लीतल्या रंगाच्या दुकानात पोत्यानं पडलेला असतो. दुकानदाराला चॉक पावडर म्हटलं की पुरे.

खडूची या कपाटाशी ओळखही जुनी. खिडकीला काच बसवताना किंवा लाकडाची भेग बुजवताना रंगारी जी लांबी वापरतात, ती चॉक पावडर आणि बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, मळूनच होते. आमच्या कपाटाच्या प्रत्येक भेगेत ती आधीपासून बसलेली होती. भिंतीला ओला चुना लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होतो, आणि खडू म्हणजेही तेच. फरक एवढा, की खडूला त्या रूपात येऊन कोट्यवधी वर्षं झाली. समुद्रात तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या शैवालांच्या अंगावरची चुनखडीची कवचं तळाशी साचत गेली आणि त्यांचे थर दबून खडक झाला. शाळेतला फळ्यावरचा खडू मात्र बहुधा जिप्समचा असतो. त्याचा चुरा करून रंगात घालण्यापेक्षा दुकानातली पूड घेणं बरं.

काही जण पूड म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिस घालतात. त्यानं रंग कडक होतो, पण पाणी लागताच त्याची घाई सुरू होते. घट्ट होत जातो, गाठी धरतो, थोडाथोडा कालवून लगेच संपवावा लागतो. खडूच्या स्वभावात घाई नाही. कालवलेला रंग झाकून ठेवला तर दुसऱ्या दिवशीही हाताला येतो. एवढ्या वर्षांच्या कपाटाला असाच सोबती हवा.

माझं प्रमाण असं. दोन वाट्या पांढरं मॅट इमल्शन, पाऊण वाटी चॉक पावडर आणि पावडर भिजण्यापुरतं पाणी. पावडर आधी मलमलच्या फडक्यातून चाळायची, मग पाण्यात बोटांनी चोळून गुठळी मोडायची, आणि ही पेस्ट रंगात घालायची. पावडर कोरडी घातली तर गाठी होतात आणि ब्रशबरोबर अंगभर फिरतात. मिश्रण घावनाच्या पिठाइतकं सरसरीत हवं. रंगछटेसाठी निळा स्टेनर आणि काळ्याचे अगदी दोन-चार थेंब. ओला असताना रंग गडद दिसतो आणि वाळला की फिका होतो, म्हणून आधी पुठ्ठ्यावर लावून, वाळवून, मग ठरवावं.

वाळल्यावर तो फिका का होतो, यातच या रंगाचा सगळा स्वभाव आहे. चकचकीत रंगात पुडीच्या प्रत्येक कणाभोवती चिकटद्रव्य पुरून उरतं आणि वाळल्यावर सलग, गुळगुळीत पापुद्रा तयार होतो. त्यावरून उजेड सरळ परत येतो, तीच तकाकी. खडूची पूड भरपूर असली की चिकटद्रव्य कणांमधल्या सगळ्या फटी भरायला पुरत नाही. पाणी उडून गेलं की त्या फटींत हवा शिरते, उजेड चहूकडे विखुरतो आणि रंग मऊ, निस्तेज नव्हे पण शांत दिसतो. पृष्ठभाग किंचित खरखरीत राहतो. त्या खरखरीवर पुढचा हात पकडतो, मेण पकडतं. ऑइलपेंट प्रत्येक खोक आणि पोचा चमकवून दाखवतो; या रंगात तीच खोक नुसती दिसते, डोळ्यांत खुपत नाही.

पण त्याला तेलकटपणा अजिबात चालत नाही, आणि जाळीच्या कपाटाच्या अंगावर तर फोडणीचा सगळा इतिहास बसलेला. कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून फडकं घट्ट पिळून पुसायचं, मग साध्या पाण्यानं पुसायचं. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघालं. बिजागरीच्या खोबणीतून हळद निघाली. कपाट पूर्ण वाळल्यावर, तकाकी मोडण्यापुरता बारीक वॉटर पेपर ओला करून फिरवायचा. ओलाच, म्हणजे धूळ उडत नाही. निघालेला गाळ फडक्यानं टिपून ते फडकं पिशवीत बांधून टाकायचं. स्वयंपाकघराच्या मोरीत धुवायचं नाही. सुटे पोपडेही ओले करूनच काढायचे. तोंडाला चांगला मास्क, आणि मुलं त्या दिवशी दुसऱ्या खोलीत.

नंतर आतल्या बाजूला रंगाचा छोटा ठिपका लावून, वाळवून, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढायची. रंग पट्टीबरोबर आला तर खालचा थर फार गुळगुळीत आहे असं समजावं आणि आधी मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात द्यावा. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, झटकन वाळते आणि गुळगुळीत रंगालाही धरते. उघड्या सागवानातून वर येणारे पिवळट-तपकिरी डागही तीच अडवते. आमच्या कपाटाच्या चौकटीला तिची गरज पडली नाही. दारांच्या आतल्या कडांना मात्र पडली.

रंगाचे दोन हात दिले. पहिला दिल्यावर कपाट ओळखू येईना. सायीच्या रंगावर निळसर करडे पट्टे आणि मधूनच डोकावणारा हिरवा. धीर धरून तो पूर्ण वाळू द्यायचा. दुसऱ्या हातानं ते एकसंध झालं. कडांवर, जिथे शेकडो हातांनी दार उघडलं होतं, तिथे ओलसर फडक्यानं हलकेच चोळलं आणि खालचा सायीचा रंग जरासा उघडा ठेवला. खालच्या हिरव्यापर्यंत मात्र गेले नाही, कारण शिशाची भीती तिथेच जास्त.

जाळीला रंग लावायचा मोह टाळायला हवा. रंगानं छिद्रं बुजली की जाळीचं कपाट उरतच नाही, आणि खडूच्या सच्छिद्र थरात ओल धरून तार गंजते. फाटलेली जाळी काढून नवी बसवली. आतल्या पट्ट्या सुताराकाकांनी एकेक सोडवल्या, जाळी ताणली, आणि चुका ठोकताना कोपऱ्यापासून सुरुवात न करता प्रत्येक बाजूच्या मध्यापासून ठोकत गेले. "मधनं धरली की झोळ पडत नाही," ते म्हणाले. पायांची कुजलेली टोकं कापून तेवढेच सागवानी तुकडे जोडले आणि त्यांच्या तळाला लाखेचे हात भरपूर पाजले. वाटीत आता आधी एक सपाट दगड, त्यावर पाय आणि दगडाभोवती पाणी. मुंगी अडते आणि पाय कोरडा राहतो.

खडूचा रंग एकटा टिकत नाही. सच्छिद्र अंगात तो तेल पितो, पाणी पितो, बोटाचे डाग धरतो. म्हणून वर मेण. मधमाश्यांचं मेण सुमारे ६३ अंशांना वितळतं. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून ते पातळ करायचं, मग शेगडी बंद करून, ज्योतीपासून दूर नेऊन त्यात टर्पेंटाइन मिसळायचं. टर्पेंटाइनची वाफ सहज पेट घेते. एक भाग मेणाला तीन भाग टर्पेंटाइन धरलं तर थंड झाल्यावर मलमासारखं होतं. ते फडक्यानं पातळ चोळायचं, जास्तीचं पुसायचं, दुसऱ्या दिवशी घासायचं. वापरलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात न टाकता बाहेर पसरून वाळवायची. मेण पूर्ण घट्ट व्हायला काही आठवडे जातात. तोवर कपाटाशी जपून वागायचं आणि त्यावर गरम भांडं तर पुढेही ठेवायचं नाही. हे सगळं काम पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात. जून ते सप्टेंबर कोकणातल्या हवेत ना रंग धड वाळतो, ना लाकूड.

हे सगळं सांगून झाल्यावर एक आग्रहानं सांगावंसं वाटतं. पोपड्याखाली आधीपासून तैलरंग असेल तिथेच खडूचा रंग द्यावा. एखादं शिसवी किंवा सागवानी कपाट लाखेच्या पॉलिशमध्येच वाढलेलं असेल, तर त्याला मऊ फडकं आणि मेणाचा हात पुरतो. त्याचे रेषा-डोळे रंगाखाली झाकणं अन्यायाचं आहे. आमच्या कपाटाला पहिल्या दिवसापासून रंगाचा अंगरखा होता. तो नव्यानं दिला, एवढंच.

आतल्या फळ्यांना मात्र खडूचा रंग दिला नाही. तिथे लाखेचे दोन हात आणि वर कागद. दूध आता तिथे परत जाणार नाही, फ्रिजनं ते काम घेतलं आणि चोख केलं. पण फ्रिजला न जमणारी कामं घरात अजून आहेत. कांदा-लसूण फ्रिजच्या ओलीत मऊ पडतात, कोंब धरतात. त्यांना अंधार, कोरडी हवा आणि वारा हवा. बटाट्यालाही तसंच, पण कांद्यापासून लांबच्या फळीवर. कच्ची केळी, पेंढ्यात घातलेले हापूस, उन्हात वाळवून आणलेल्या मिरच्या, सांडग्यांची टोपली, ही सगळी जाळीच्या कपाटाची माणसं. आमच्या घरी ती आता तिथेच असतात. वाट्यांतलं पाणी दर आठवड्याला काढून वाट्या आतून घासायच्या, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि ती अंडी वाटीच्या कडेला चिकटून कोरडीही टिकतात. पाण्यात पाय देऊन उभ्या असलेल्या राखणदाराकडे एवढं लक्ष आपण द्यायलाच हवं.

वस्तूला मान द्यायचा तर तिला तिच्या जोगं काम द्यावं आणि तिच्यावर केलेलं आपलं काम पुढच्याला समजेल, हवं तर उतरवता येईल, असं ठेवावं. मेण टर्पेंटाइननं निघतं, तुटक्या जागी खडूचा नवा ठिपका बेमालूम बसतो, पट्ट्या सोडवून जाळी पुन्हा ताणता येते. म्हणून तुम्ही असं एखादं कपाट हातात घेतलंत, तर शेवटी एक काम विसरू नका. पाठीमागच्या फळीवर पेन्सिलीनं ठळक लिहा: खाली जुना तैलरंग आहे, शिसं असू शकतं, कोरडं घासू नये, वर इमल्शन आणि खडू, दोन हात, त्यावर मधमाश्यांचं मेण. खाली साल घाला. पुढचा हात देणाऱ्याला ते लागणार आहे.